सोळा सेकंद शिल्लक असताना

"नाही लागला ओ मॅडम, हात नाही लागला!"

माळेवाडी कॉलेजची आरजू मुलाणी दोन्ही हात पसरून माझ्यासमोर उभी होती. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लाल माती, कपाळावरून घाम ओघळतोय, दम असा लागलेला की शब्द तुटत होते. तिच्यामागं कृष्णाकाठ कॉलेजची वेदिका सूर मारल्या जागी पालथी पडली होती आणि तशीच ओरडत होती, "आऊट! आऊट!"

माझी शिट्टी वाजून झाली होती. हात वर गेला होता. गुणलेखकानं कागदावर फुली मारली होती.

"बाहेर हो," मी म्हणाले.

"मॅडम, खरंच ओ..."

"पंचाचा निर्णय आहे. बाहेर हो, नाहीतर कार्ड काढीन."

घड्याळ चालूच होतं. तिघींच्या तुकडीतली शेवटची उरलेली आरजू मान खाली घालून मैदानाबाहेर गेली, तिच्या जागी पुढच्या तुकडीतल्या तिघी धावायला आत आल्या, आणि त्यांनी जेमतेम एक फेरी घेतली तोवर लांब शिट्टी झाली. तेरा-बारा. आंतरमहाविद्यालयीन खो-खोचा मुलींचा अंतिम सामना कृष्णाकाठनं एका गुणानं जिंकला. तो एक गुण म्हणजे आरजूचा बळी. तो नसता तर बारा-बारा अशी बरोबरी झाली असती, जादा डाव खेळावा लागला असता, आणि मग कोण जिंकलं असतं ते देव जाणे.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. तासगावला कॉलेजात क्रीडाशिक्षिका होते आणि एकोणीस वर्षं खो-खोची पंच म्हणून शिट्टी वाजवत होते. "शालन मोहिते मैदानात असल्या की भांडण होत नाही," असं लोक म्हणायचे, आणि मलाही ते ऐकायला आवडायचं.

सामना संपल्यावर मी बूट झटकत असताना केबलवाले ऐवळे जवळ आले. सांगली भागातल्या कॉलेजांच्या स्पर्धा पंधरा वर्षं त्यांच्याच केबलवर दिसायच्या. शाळेतल्या बाकावर एक कॅमेरा, खाली साडीच्या दुकानाच्या जाहिरातीची पट्टी, आणि मागं ऐवळ्यांचा स्वतःचा आवाज. त्या वर्षी मात्र विद्यापीठानं प्रक्षेपणाचं काम पुण्याच्या एका नव्या कंपनीला दिलं होतं. सामने आता टीव्हीवर नाही, मोबाइलच्या अ‍ॅपवर दिसणार होते. चार कॅमेरे लागले होते, त्यातला एक तर उंच खांबावर. ऐवळे बिनकामाचे, पण सवयीनं आले होते आणि दिवसभर त्या कॅमेऱ्यांभोवती घुटमळत होते.

"भारी यंत्रं आहेत, मॅडम," ते म्हणाले. "पण आमचं एक बरं होतं. दाखवलं की गेलं. त्याच कॅसेटवर मी पुढच्या आठवड्यात कुणाचं तरी लग्न भरायचो. यांचं तसं नाही. यांचं राहतंय."

मी हसले आणि एसटी पकडायला निघाले.

घरी पोचले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. हातात माझा जुना मोबाइल. दरवर्षी मी पंच असलेला सामना त्या केबलवर बघायच्या, शेजारच्या बायका गोळा करून. यंदा टीव्हीवर नाही म्हटल्यावर दोन दिवस कुरकुर केली, मग शेजारच्या सुवर्णाकडून ते अ‍ॅप घालून घेतलं.

"बघितला का सामना, आत्याबाई?"

"बघितला की. चांगलं दिसतं यात. टीव्हीपेक्षा बरं." त्यांनी मोबाइल मांडीवर ठेवला. "शालन, पाय धुऊन ये आणि जरा हिकडं बस."

मी पाय धुऊन आले. त्यांनी चष्मा नाकावर सारला आणि बोटानं पडद्यावरची रेघ मागं ओढली. सकाळपर्यंत त्यांना मोबाइल धड उचलता येत नव्हता.

"सुवर्णीनं शिकवलं. बोट असं सारलं की मागचं परत येतंय. हे बघ."

मैदान, ऊन, लाल माती. आरजू खांबाला वळसा घालून उजवीकडं झेपावली. वेदिकानं मागून सूर मारला. ती जमिनीवर पडली, हात पुढं लांब पसरलेला. आणि तिच्या बोटांच्या टोकापासून आरजूची टाच चांगली वीतभर लांब होती.

"मला वाटलं मलाच दिसंना," आत्याबाई म्हणाल्या. "म्हणून चार वेळा बघितलं. हात कुठं लागलाय गं?"

मी मोबाइल हातात घेतला. मागं ओढलं. परत बघितलं. अकरा वेळा बघितलं असेल. दरवेळी वेदिकाचा हात तेवढाच कमी पडत होता आणि दरवेळी कडेला उभी असलेली पंच, म्हणजे मी, ऐटीत हात वर करत होते.

"लांबून तसं वाटतं," मी म्हणाले. "कॅमेऱ्याचा कोन असतो."

आत्याबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. जेवण वाढायला उठल्या.

सकाळपर्यंत तेवढाच तुकडा कुणीतरी कापून सगळीकडं पाठवला होता. माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर आला, पंचांच्या ग्रुपवर आला. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते सांगत नाही. एकानं मी किती पैसे घेतले ते विचारलं होतं. एकानं लिहिलं होतं, बाईला चष्मा द्या.

अकरा वाजता सांगलीत विद्यापीठाच्या संघाची निवड होती. पंच म्हणून मला अहवाल द्यायला तिथं जायचंच होतं. क्रीडा विभागाच्या इमारतीच्या पायऱ्यांवर निवडीसाठी बोलावलेल्या मुली बसल्या होत्या. कुणी केस विंचरत होत्या, कुणी वडापाव खात होत्या. मला बघून त्यांचं बोलणं एकदम थांबलं.

सगळ्यात वरच्या पायरीवर आरजू होती. ती उठली आणि थेट माझ्याकडं आली. मी मनातल्या मनात तयार झाले. ती ओरडली असती, रडली असती, तर मला काय उत्तर द्यायचं ते ठाऊक होतं. एकोणीस वर्षांत असली उत्तरं पाठ होतात.

ती जवळ आली आणि हात जोडले.

"मॅडम, तो व्हिडिओ मी नाही टाकला ओ. शप्पथ. भावानं टाकला. मी रात्रीच त्याला काढायला लावला, पण तोवर लोकांनी घेतला होता."

तिचे हात जोडलेलेच होते.

"तुम्ही अहवालात माझं नाव लिहू नका ना, मॅडम. मी मैदानात उलट बोलले ते चुकलं माझं. माझं शेवटचं वर्ष आहे. टीवायला आहे मी. आज नाव आलं नाही तर परत विद्यापीठाकडून खेळायला मिळणार नाही."

तिचे प्रशिक्षक बंडगर सर मागून आले. जाडजूड, उन्हानं रापलेला माणूस. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी तिला सांगतोय मॅडम, की तसलं काही होत नसतं. पण ती ऐकंना. पहाटे चारला उठून बसली होती म्हणे, तुमची माफी मागायची म्हणून."

"तू किती धावलीस काल?" मी तिला विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"कागदावर दोन मिनिटं चोपन्न, मॅडम."

"आणि बाद नसतीस तर?"

आरजूनं बंडगर सरांकडं बघितलं. उत्तर त्यांनी दिलं. "तीन दहा, नाबाद. स्पर्धेत एवढं संरक्षण कुणीच केलेलं नाही. पण कागदावर बाद आहे, आणि निवड समिती कागद बघती."

आत क्रीडा विभागाचे घोरपडे सर माझी वाटच बघत होते. त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडून एक तरुण मुलगी बसली होती. सामन्यांचं प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीची, मृण्मयी तिचं नाव. तीन दिवस मैदानाच्या कडेला कानाला यंत्र लावून पळताना तिला मी बघितलं होतं.

"या, शालनताई. बसा. चहा घ्या," घोरपडे सर म्हणाले. माणूस चांगला. पंचांना वेळेवर जेवण मिळालं का याची चौकशी करणारा. "डोक्याला ताप करून घेऊ नका. यातून मार्ग आहे."

"कसला मार्ग?"

"हरकत घ्यायची मुदत सामन्यानंतर अर्धा तास. ती कालच संपली. निकाल बदलत नाही. आपल्या नियमात कॅमेरा नाहीच, त्यामुळं कुणी काही म्हणू शकत नाही. राहता राहिला तो व्हिडिओ. मी या मुलीला म्हटलं, मूळ सामन्यातली तेवढी चाळीस सेकंदं काढून टाका. मूळच नसलं की लोक चार दिवसांत विसरतील. तांत्रिक अडचण म्हणून सांगू."

मृण्मयी लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "दोन मिनिटांचं काम आहे, सर. पण आमच्याकडे नियम आहे. ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्यांचा अर्ज लागतो. मॅडमनी इथं सही केली की मी काढते."

तिनं एक छापील कागद माझ्यापुढं सरकवला. घोरपडे सरांनी स्वतःचं पेन काढून त्यावर ठेवलं.

"राष्ट्रीय पंचांच्या यादीसाठी मी तुमचं नाव पाठवलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "या भागातल्या पहिल्या बाई असाल तुम्ही. एका निर्णयापायी ते घालवू नका. सगळे चुकतात."

ते खरं होतं. सगळे चुकतात. मी पेन उचललं. केबलच्या काळात हा प्रश्नच आला नसता. सामना हवेत विरून गेला असता, पोरगी जन्मभर म्हणत राहिली असती की हात लागला नव्हता, आणि लोक म्हणाले असते, हरलेली माणसं असंच म्हणतात. आता तो विरून जाण्यासाठी माझी सही लागत होती.

खिडकीतून पायऱ्या दिसत होत्या. आरजू परत जाऊन बसली होती. हात अजून एकमेकांत गुंतवलेले.

"मृण्मयी, तुमचा कॅमेरा आहे का इथं?" मी पेन खाली ठेवून विचारलं.

"आहे ना. निवड झाली की संघ जाहीर करायचाय, त्यासाठी लावलाय."

"मला दोन मिनिटं बोलायचंय."

घोरपडे सर उठून उभे राहिले. "ताई, विचार करा."

"केला, सर."

शेजारच्या खोलीत भिंतीशी एक खुर्ची होती. मृण्मयीनं माझ्या साडीच्या काठाला छोटा माइक लावला. "थेट जाईल हं मॅडम," ती म्हणाली. "आत्ता बाराशे लोक बघतायत. संघ जाहीर व्हायची वाट बघत थांबलेत."

मी कॅमेऱ्याकडं बघितलं.

"मी शालन मोहिते. कालच्या अंतिम सामन्यात मी पंच होते. सोळा सेकंद शिल्लक असताना मी माळेवाडीच्या आरजू मुलाणीला बाद दिलं. ती बाद नव्हती. तुम्ही सगळ्यांनी ते बघितलंय, मला नव्यानं सांगायची गरज नाही."

इथं थांबता आलं असतं. एवढ्यानंही भागलं असतं. माणसाच्या डोळ्यांची चूक म्हणून लोकांनी पोटात घातली असती.

"पण एक गोष्ट कॅमेऱ्यात दिसत नाही, ती सांगायला मी बसले आहे. वेदिकानं सूर मारला तेव्हा पाटीवर बसलेली एक मुलगी उठून माझ्या समोर आली होती. मला टाच दिसली नाही, हात दिसला नाही. मला फक्त धप्प आवाज आला आणि आऊटची ओरड ऐकू आली. त्या ओरडण्यावर मी हात वर केला. म्हणजे माझे डोळे चुकले नाहीत. मी बघितलंच नव्हतं. न बघता निर्णय दिला, आणि मुलगी खरं बोलत होती तेव्हा तिला कार्डाची भीती घातली. पंचाला दिसलं नाही तर गडी नाबाद असतो, हे मी नव्या पंचांना दरवर्षी शिकवते. निकाल बदलणार नाही, तो नियम आहे. माझी शिक्षा काय ती खो-खो संघटनेनं ठरवावी. हा व्हिडिओ काढू नये, असं मी कंपनीला इथंच सांगते. आणि आरजू, तू पायऱ्यांवर माझी माफी मागितलीस. ती मी तुला परत देते. माफी मी मागायची आहे."

मृण्मयीनं कॅमेरा बंद केला. मग म्हणाली, "मॅडम, पाणी आणू?"

"आण बाई," मी म्हणाले, आणि काठाचा माइक काढून ठेवला.

बाहेर आले तेव्हा पायऱ्यांवरच्या पोरी पाच-सात मोबाइलभोवती घोळका करून उभ्या होत्या. आरजू घोळक्यात नव्हती. ती खालच्या नळावर तोंड धूत होती. खूप वेळ धूत होती. बंडगर सर मला म्हणाले, "जरा एकटी राहू द्या तिला." मी तशीच माघारी फिरले.

निवड समितीत तिघं होते. त्यातले सर्वांत वयस्क शिंत्रे सर लांबून हात हलवत आले आणि माझ्याकडून लेखी मागितलं: पंचाच्या मते गडी नाबाद होता का? मी लिहून दिलं. अंतिम सामन्याचा कागद तसाच राहिला, पण निवडीच्या टिपणात आरजूच्या नावापुढं तीन मिनिटं दहा सेकंद, नाबाद, अशी नोंद झाली. दुपारी संघ जाहीर झाला. पंधरा नावांत तिचं नाव सहावं होतं.

त्या संध्याकाळी एसटीतून घरी येताना मी मोबाइल बघितला नाही. घरी आत्याबाईंनी दारातच अडवलं.

"तुझं बोलणं ऐकलं. सगळ्या गल्लीनं ऐकलं."

"मग?"

"मग काय? पिठलं केलंय. जेव." आत जाता जाता त्या वळल्या. "कोनाबिनाचं सांगत होतीस काल. मला तेवढंच लागलं होतं बघ मनाला."

संघटनेनं मला वर्षभर शिट्टी वाजवायला बंदी केली आणि पंच परीक्षा परत द्यायला लावली. मी विशी-बाविशीतल्या पोरांच्या रांगेत बसून ती दिली. राष्ट्रीय यादीतलं नाव गेलं ते गेलंच. ते दुःख मला झालं नाही असं म्हणणार नाही. झालं, चांगलं दोन वर्षं झालं. पण त्याच वर्षी लातूरच्या एका पंचानं, मग साताऱ्याच्या एकानं आपापल्या चुकांबद्दल त्याच अ‍ॅपवर उघड सांगितलं. तिसऱ्या वर्षी विद्यापीठानं नियम केला: प्रत्येक संघाला एका सामन्यात एकदा दाद मागता येईल, आणि पंचांनी तो क्षण पडद्यावर परत बघायचा. नियमाच्या मसुद्यावर सह्या करणाऱ्यांत घोरपडे सर होते, आणि त्यांनी मला मुद्दाम फोन करून तो वाचून दाखवला. ऐवळ्यांनीही केबल गुंडाळून मृण्मयीच्या कंपनीचं या भागातलं काम घेतलं. आता सामन्याच्या मागं त्यांचाच आवाज असतो, आणि तो आवाज दुबईत, बहरीनमध्ये गेलेली आमच्याकडची पोरंही ऐकतात.

आरजू त्या वर्षी विद्यापीठाकडून खेळली. आमची पुन्हा गाठ पडली नाही. ती शिक्षिका झाली, जतच्या बाजूला एका कॉलेजात खो-खोचा संघ घडवते, एवढं कानावर होतं.

गेल्या डिसेंबरात मुलींच्या उपांत्य सामन्यासाठी माझी नेमणूक झाली. सामन्याआधी दोन्ही प्रशिक्षकांना विचारायची पद्धत असते, पंचांबद्दल काही हरकत आहे का. एका बाजूला आरजू होती. अंगानं भरलेली, गळ्यात शिट्टी, हातात वही. दुसऱ्या बाजूच्या तरुण प्रशिक्षकानं माझ्याकडं न बघता सांगितलं, "आमची हरकत आहे. या मॅडमचा एक जुना व्हिडिओ आहे. सगळ्यांना माहीत आहे."

सरपंचांनी, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांनी, आरजूकडं बघितलं. "तुमचं काय म्हणणं?"

"तो व्हिडिओ माझाच आहे," आरजू म्हणाली. "बाद मीच झाले होते त्यात." तिनं वही काखेत धरली. "सर, न चुकणारा पंच मी तरी अजून बघितला नाही. चुकल्यावर सांगणारा एकच बघितलाय. मला याच मॅडम पाहिजेत."

तो तरुण आता माझ्याकडं बघत म्हणाला, "ठीक आहे. आमची हरकत नाही."

सामना सुरू झाला. तिसऱ्याच मिनिटाला आरजूच्या संघातली सगळ्यात चपळ पोरगी खांबाजवळ वळली आणि समोरच्या मुलीनं सूर मारला. या वेळी मी वाकून, अगदी जवळून बघितलं. बोटं टाचेला लागली होती. मी शिट्टी वाजवली आणि हात वर केला.

"नाही ओ मॅडम, नाही लागला!" पोरगी माझ्याकडं धावत आली.

मी आरजूकडं बघितलं. दाद मागायचा तिला हक्क होता, पडदा समोरच होता. ती खुर्चीतून उठलीसुद्धा नाही.

"मॅडमनी बघितलंय," ती तिथूनच ओरडली. "बाहेर ये, पुढची चल!"